दीड तास

हवाई अंतर पंधराशे सत्तर किलोमीटर,
तिकिटाच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली.
पप्पांनी मान डोलावली,
बाहेर आल्यावर मला विचारलं,
म्हणजे किती विड्या?

सहार गावठाणातून अंधेरी स्टेशन तीन विड्या.
आमच्या जुन्या शेताचा बांध अर्धी.
तिथे आता धावपट्टी आहे,
अर्धी विडी कुंपणाशीच विझवावी लागते.
हिलरी हसला. विमानात ओढू देत नाहीत, पप्पा.
मग मोजायचं कशात?
पावणेतीन तास. जेवणाचा ट्रे उचलतात
न उचलतात तोच मस्कत.

तो गेला तेव्हा बॅगेत
बाटली मसाला, टॉवेलात गुंडाळून दोन बाटल्या.
वजन एकतीस किलो भरलं.
काउंटरवरच्या पोरीने एक किलो सोडून दिला,
पप्पा तिला अजून आशीर्वाद देतात. देत असत.

सव्वाचारला उडाला.
साडेपाचला उतरलो, असा मेसेज.
पप्पा बोटं मोजत बसले.
सव्वा तासात? सव्वा तासात तर बस
साकीनाका ओलांडत नाही.
मी म्हटलं, तिथली घड्याळं दीड तास मागे आहेत.
मग तो दीड तास गेला कुठे?
परत येताना वळता होतो, पप्पा.
बरं, म्हणाले,
शेजारी उसने नेलेल्या तांदळाबद्दल म्हणावं तसं.

मरोळच्या बाजारातून दुसरं घड्याळ आणलं,
हिरव्या कडेचं, प्लास्टिकचं,
पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली टांगलं.
ते मस्कतचं.
आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले की त्यात बघायचे.
साडेसात. आता कांदे चिरत असेल,
हॉटेलात गर्दीची वेळ.
कधी नुसतंच म्हणायचे, अजून उजेड असेल तिकडे.

सहा वर्षं.
सेल मीच बदलायची.

फेब्रुवारीत त्यांचा श्वास जड झाला.
हिलरीला मिळालेलं विमान
तिथल्या बारा पन्नासचं.
इकडे दोन वीस झाले होते.
येताना वारा पाठीशी असतो,
दहा मिनिटं वाचतात, कुणीतरी सांगितलं.
आमच्या छपरावरून रात्रभर विमानं उतरतात.
प्रत्येकाला मी म्हणत होते, तू नाहीस,
तू नाहीस, अजून वेळ आहे.

तीन चाळीसला पप्पा गेले.
हिरव्या घड्याळात दोन दहा.
हिलरी तेव्हा पाण्यावर होता.
तिथे कुणाचं घड्याळ चालतं मला माहीत नाही.

पाचला पाच कमी असताना तो उतरला.
वळता झालेला दीड तास
त्याच्या हातात होता म्हणायचं, सुटे पैसे असतात तसा,
आणि दुकान बंद.

दुपारी घर भरलं.
बस्त्याव काकांनी खुर्च्या आणल्या, चहा आणला,
पाद्रीबाबांना फोन केला,
आणि रिकाम्या हातांचं काय करायचं म्हणून
भिंतीकडे बघून म्हणाले,
हे मागे पडलंय की गं.
मी हो-नाही म्हणायच्या आत
स्टूलवर चढून त्यांनी काटा पुढे सरकवला.
दोन्ही घड्याळांत सव्वादोन.
खोलीत एकदम
काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं,
पण लोक होते, बसायला जागा करायची होती.

दफन झालं. खुर्च्या परत गेल्या.
रात्री हिलरी पाणी प्यायला उठला,
उभाच राहिला भिंतीसमोर.
काही विचारलं नाही त्याने.
स्टूल ओढलं, हिरवं घड्याळ उतरवलं,
मनगटावरचं बघून
पाठीमागची चकती उलटी फिरवू लागला,
सावकाश, काटा पुढे उडू नये म्हणून.
मी स्टूल धरून ठेवलं.
वरून एक विमान गेलं,
मांडणीतले पेले किणकिणले,
त्याचा हात थांबला,
आवाज संपल्यावर पुन्हा चालू झाला.